भूत, पुनर्जन्म आणि दोन मुलांचे प्रेम : थायलंडच्या मालिका आपल्या घरात

संध्याकाळी सातच्या सुमारास घरात टीव्हीवर मराठी मालिका सुरू असते आणि त्याच वेळी कॉलेजात जाणारी मुलगी कानात वायर घालून मोबाईलवर भलतेच काही पाहत असते, हे दृश्य आता वस्तीवस्तीत दिसू लागले आहे. आईने सहज डोकावले तर न कळणारी भाषा, खाली इंग्रजी अक्षरे आणि पडद्यावर दोन तरुण मुलगे एकमेकांचा हात धरून बसलेले. मध्येच एखादे भूत येते, कुणाला मागचा जन्म आठवतो, चीवर घातलेले भिक्खू दिसतात. "काय पाहतेस गं?" असे विचारले की मुलगी मोबाईल पालथा घालते. मग घरात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणते पोरगी बिघडली, कुणी म्हणते नेट बंद करा.

वाचकहो, नेट बंद करण्याआधी ही भानगड नेमकी काय आहे हे समजून घेतले तर बरे. आपल्या मुलामुलींच्या आयुष्यातला दररोजचा एखादा तास ज्या गोष्टीत जातो, ती गोष्ट आईबापांना ठाऊक असायला हवी. आणि या मालिकांत वरवर दिसते त्याहून बरेच काही आहे.

सुरुवात कुठून झाली?

या मालिकांना ‘बॉईज लव्ह’, थोडक्यात ‘बीएल’ म्हणतात. दोन मुलांचे, दोन पुरुषांचे एकमेकांवरील प्रेम हा त्यांचा विषय. या प्रकाराचा उगम जपानमधला. १९७० नंतरच्या काळात मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया यांच्यासारख्या स्त्री-चित्रकारांनी मुलींसाठी निघणाऱ्या चित्रकथांच्या मासिकांत अशा कथा काढायला सुरुवात केली. म्हणजे हा प्रकार बायकांनी बायकांसाठी सुरू केला, आणि आजही त्याच्या वाचक-प्रेक्षकांत मुली आणि बायका मोठ्या संख्येने आहेत.

मुलींना हे का आवडावे, असा प्रश्न अनेकांना पडतो. माझ्या मते एक कारण अगदी साधे आहे. या प्रेमकथेत सून नाही, हुंडा नाही, मुलीने कसे बसावे, कसे बोलावे याचे धडे नाहीत. प्रेम करणारे दोघेही बरोबरीचे. बाईला सोसायला लावणाऱ्या मालिका रोज पाहून कंटाळलेल्या मुलीला हा मोकळेपणा आवडला तर नवल नाही.

जपानमधून हा प्रकार थायलंडमध्ये गेला. तिथे त्याला ‘वाय’ म्हणतात. जपानी ‘याओई’ या शब्दाचे हे पहिले इंग्रजी अक्षर. २०१४ मध्ये ‘लव्ह सिक’ ही शाळकरी मुलांची मालिका थायलंडच्या टीव्हीवर आली आणि रस्ता मोकळा झाला. २०१६ मध्ये आलेल्या ‘सोटस’ या मालिकेत इंजिनिअरिंग कॉलेजातले वरच्या वर्गाचे विद्यार्थी नव्यांना शिस्तीच्या नावाखाली छळतात, आणि त्या छळाविरुद्ध उभा राहणारा एक नवा विद्यार्थी हा नायक आहे. थायलंडच्या कॉलेजांतली रॅगिंगची पद्धत त्यात सरळ दाखवली आहे. त्यानंतर २०२० च्या फेब्रुवारी ते मे या काळात ‘टूगेदर’ ही १३ भागांची मालिका लागली. नेमके तेव्हाच कोरोनाने जग घरात बसवले होते. ही मालिका देशोदेशी पाहिली गेली. भारतातल्या पुष्कळ मुलामुलींची या मालिकांशी पहिली ओळख त्या लॉकडाऊनमध्ये झाली.

चालू मालिकेचे वेळापत्रक

आता ही मुले मालिका पाहतात कशी, ते सांगतो. आपल्याकडची मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस आणि वर्षानुवर्षे चालते. थायलंडची मालिका बहुधा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी लागते. दहा-बारा भागांत ती संपते. एक भाग पाऊण ते एक तासाचा. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे तिथे रात्री साडेआठला लागणारा भाग म्हणजे आपल्याकडे सातचा. बँकॉकची जीएमएमटीव्ही ही कंपनी आपल्या अनेक मालिकांचे भाग चार-चार तुकडे करून यूट्यूबवर फुकट देत आली आहे आणि त्याखाली इंग्रजी अक्षरे असतात. इतर कंपन्यांच्या मालिकांसाठी मात्र वेगवेगळी ॲप असतात आणि त्यांतल्या काहींना पैसे पडतात.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर बारा भागांची एक मालिका म्हणजे तीन महिन्यांत दहा-बारा तास. हे काही फार नाही. घोटाळा होतो तो एकाच वेळी सात-आठ मालिका धरल्या की. सोमवारची वेगळी, शुक्रवारची वेगळी, शनिवारी दोन, असे करता करता आठवडा भरतो, नेटपॅक संपतो आणि अभ्यास मागे पडतो. म्हणून एका वेळी दोनच चालू मालिका, असा नियम घरात ठरवावा. बाकीच्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत आणि परीक्षा संपल्यावर पाहाव्यात. संपलेली मालिका कुठे पळून जात नाही.

पण चालू मालिकेची गोडी वेगळीच असते, हेही खरे. भाग संपतो तेव्हा पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसते. आठवडाभर मैत्रिणी मैत्रिणींशी तर्क लढवतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो : "शेवट चांगला होईल ना?" हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे मोठी कहाणी आहे. फार काळ जगभरच्या कादंबऱ्यांत आणि सिनेमांत पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाचा शेवट ठरलेला असे. तो मरायचा, वेडा व्हायचा किंवा मन मारून लग्न करायचा. म्हणून चाहत्यांचा जीव शेवटच्या भागापर्यंत टांगणीला लागलेला असतो.

भूत कशासाठी येते?

आणि इथेच भुताखेतांच्या मालिकांचे महत्त्व आहे. जुनी कथा ज्या मरणापाशी संपायची, तिथून या मालिका सुरू होतात.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली ‘अन्टिल वुई मीट अगेन’ ही १७ भागांची मालिका घ्या. सुमारे तीस वर्षांपूर्वी कॉर्न आणि इन या दोन तरुणांचे एकमेकांवर प्रेम होते. दोन्ही घरांनी विरोध केला. मारहाण, ताटातूट, धमक्या. शेवटी दोघांनीही जीव दिला. मालिकेची सुरुवात या मरणाने होते. पुढे दुसऱ्या जन्मात डीन आणि फार्म या नावांनी ते कॉलेजात भेटतात. फार्मला स्वयंपाकाची आवड, तो गोडधोड करून सगळ्यांना खाऊ घालतो. पण त्याला रात्री भयंकर स्वप्ने पडतात आणि कारण कळत नाही. हळूहळू मागचे सगळे उलगडते. ज्या घरांनी त्या दोघांना मरणाकडे ढकलले, त्या घरातली म्हातारी माणसे अजून जिवंत आहेत आणि आपल्या हातून काय झाले हे त्यांना पाहावे लागते. ही मालिका पाहताना मला सारखे वाटत राहिले की पुनर्जन्म हे इथे निमित्त आहे. लेखकाला त्या आईबापांकडून जाब घ्यायचा आहे. मेलेला मुलगा परत येऊन विचारू शकत नाही, म्हणून कथेने त्याला परत आणले.

त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये लागलेली ‘हीज कमिंग टू मी’ ही आठच भागांची मालिका आहे. दिग्दर्शक नोप्पनत चैविमोन. थायलंडमध्ये बहुतेक बौद्ध घरांत दहन करतात, पण चिनी वंशाच्या घरांत पुरण्याची चाल आहे. ती माणसे वर्षातून एकदा, एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या ‘चेंगमेंग’ या दिवशी थडगी साफ करतात आणि जेवण ठेवतात. मेस नावाच्या तरुणाच्या थडग्यावर मात्र कुणीच येत नाही. त्याचे भूत दरवर्षी वाट पाहत बसते. थुन नावाचा एक लहान मुलगा आईबरोबर तिथे येतो, आणि त्याला एकट्यालाच हा मेस दिसतो. मुलगा मोठा होतो, त्याचा त्या भुतावर जीव जडतो आणि मेस कसा मेला याचा तो शोध घेतो. या मालिकेत घाबरवणारे काही नाही. ज्याची कुणी आठवण काढत नाही अशा माणसाला कुणीतरी विचारले, एवढीच तिची गोष्ट. त्यातला सगळ्यात अवघड प्रसंगही भुताचा नाही. आपल्याला मुलगे आवडतात, हे थुन आईला सांगतो, तो प्रसंग अवघड आहे. आई त्याला टाकत नाही.

२०२५ मध्ये आलेली ‘खेमजिरा’ ही मालिका थायलंडच्या ईशान्येकडच्या खेड्यांतली, म्हणजे इसान भागातली आहे. हा भाग गरीब मानला जातो. तिथली माणसे पोटासाठी बँकॉकला जाऊन मजुरी करतात. खेमजिराच्या घराण्याला शाप आहे की मुलगा तरुणपणीच मरतो. त्याला वाचवायचे म्हणून आईने त्याचे नाव मुलीचे ठेवले, म्हणजे भुताला वाटावे की घरात मुलगाच नाही. हे वाचून आपल्याकडच्या जुन्या माणसांना कचरू, धोंडू, दगडू ही नावे आठवतील. पोर जगत नाही म्हणून हलके नाव ठेवायचे, म्हणजे काळाची नजर जाणार नाही, ही समजूत दोन्हीकडे सारखीच.

‘द साईन’ ही २०२३-२४ मधली मालिका पोलिसांची आहे. दोन तरुण अधिकारी गुन्ह्यांचा तपास करतात, आणि मागच्या जन्मी त्यांतला एक गरुड तर दुसरा नाग असतो. थायलंडमध्ये मेकाँग नदीच्या काठी नागाला फार मान आहे. विहारांच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी नागाची शिल्पे असतात. गरुड आणि नाग यांचे वैर आपल्यालाही ऐकून ठाऊक आहे. या मालिकेत ते वैरी एकमेकांवर प्रेम करतात.

मालिकेतला धम्म आणि आपण

या मालिका पाहताना आपल्या घरात एक अडचण होते. थायलंड हा बौद्ध देश. त्यामुळे मुलांना वाटते की पडद्यावर दिसते तो सगळा धम्मच. तसे नाही, हे समजावून सांगावे लागते. थाई लोकांत ‘फी’ म्हणजे भुताखेतांवरचा विश्वास फार जुना आहे. घराबाहेर, दुकानाबाहेर, मोठ्या हॉटेलाबाहेरही खांबावर छोटे घर उभारून जागेच्या देवतेसाठी रोज फुले-पाणी ठेवतात. ताईत, मंत्र, अंगारे यांचा बाजारही मोठा आहे. हे सगळे धम्माशेजारी वाढलेले आहे. आपल्या आजी-आजोबांनी अंगातले देव आणि भगत सोडले, ते थायलंडच्या मालिकेतून परत घरात घ्यायचे कारण नाही. मालिकेतले भूत हे कथेतले एक पात्र समजावे आणि सोडून द्यावे.

पण एक गोष्ट आपल्याला चटकन ओळखीची वाटेल. अनेक मालिकांत मेलेल्याच्या नावाने भिक्खूंना दान देतात आणि भांड्यातले पाणी धारेने दुसऱ्या भांड्यात ओततात. दानाचे पुण्य गेलेल्या माणसाला मिळावे, अशी त्यामागची भावना. आपण घरातले माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो, त्याचीच ही थाई रीत. मालिकेतल्या भुताची सुटका बहुधा मांत्रिकाच्या मारामारीने होत नाही. कुणीतरी त्याचे नाव घेते, त्याच्यावर झालेला अन्याय मान्य करते, त्याच्यासाठी दान करते, तेव्हा ते शांत होते. ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

चीनमध्ये भूतही नको, प्रेमही नको

चीनमध्ये याच गोष्टीचे काय झाले ते पाहिले म्हणजे थायलंडच्या मोकळेपणाची किंमत कळते.

२०१६ च्या आरंभी चीनमध्ये ‘अ‍ॅडिक्टेड’ नावाची दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची मालिका इंटरनेटवर सुरू होती. लोकप्रियता प्रचंड. शेवटचे तीन भाग बाकी असताना फेब्रुवारीत ती एकाएकी काढून टाकण्यात आली. चालू मालिका पाहणाऱ्यांच्या हातून ती अशी मधेच गेली. उरलेले भाग परदेशी संकेतस्थळावर शोधून पाहावे लागले.

त्यानंतर निर्मात्यांनी युक्ती काढली. प्रेमाचे नाव घ्यायचे नाही, मैत्री म्हणायचे. २०१८ ची ‘गार्डियन’ आणि २०१९ ची ५० भागांची ‘द अनटेम्ड’ या दोन्ही मालिका मुळात दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या आहेत. पडद्यावर मात्र ते दोघे जिवलग मित्र आहेत. नजर, मौन, बासरीची एक धून, एकमेकांसाठी जीव धोक्यात घालणे, एवढ्यावर सगळे भागवले आहे. गंमत अशी की चीनच्या नियमांना भूतही चालत नाही. त्याला अंधश्रद्धा म्हणतात. म्हणून ‘गार्डियन’च्या कादंबरीतली पाताळातली भुते मालिकेत परग्रहावरून आलेली माणसे झाली, आणि ‘द अनटेम्ड’मधली चालती प्रेते कळसूत्री बाहुल्यांसारखी ‘पुतळे’ झाली. एवढे करूनही ‘गार्डियन’ ऑगस्ट २०१८ मध्ये काही काळ काढून टाकली गेली आणि काटछाट होऊन परत आली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने ‘बायकी’ दिसणारे पुरुष पडद्यावर नकोत, असे फर्मान काढले. पूर्ण चित्रीकरण होऊनही काही मालिका डब्यातच राहिल्या.

अंधश्रद्धेला विरोध आपलाही आहे. पण आपला विरोध वादाने आणि शिक्षणाने चालतो. सरकारने कात्री घेऊन बसायचे आणि भुताबरोबर माणसाचे प्रेमही कापून टाकायचे, याला प्रबोधन म्हणता येणार नाही.

कारकुनाची एक जादू

जपानची एक मालिका नोकरदार घरांनी जरूर पाहावी. ‘चेरी मॅजिक’ ही ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० मध्ये टीव्ही टोकियोवर लागली, बाराच भागांची. आदाची हा वह्या-पेनांच्या कंपनीत काम करणारा बुजरा कर्मचारी. तिशी गाठेपर्यंत त्याचा कुणाशी संबंध आलेला नाही, आणि तिसाव्या वाढदिवसाला त्याला एक शक्ती मिळते. ज्याला हात लागेल त्याच्या मनातले ऐकू येऊ लागते. गर्दीच्या लिफ्टमध्ये त्याला कळते की ऑफिसातला सगळ्यात हुशार आणि देखणा सहकारी कुरोसावा मनातून त्याच्यावर प्रेम करतो. या मालिकेत मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मनातले बोलायला माणसे किती घाबरतात, एवढेच हसतखेळत सांगितले आहे. थायलंडनेही २०२३-२४ मध्ये आपली ‘चेरी मॅजिक’ काढली. दोन्ही पाहून तुलना करता येते.

कष्टकऱ्यांचे घर पाहायचे असेल तर नोप्पनत चैविमोन यांचीच २०२३ ची ‘मूनलाइट चिकन’ पाहावी. पट्टाया शहरात रात्री उशिरापर्यंत चालणारे भात-कोंबडीचे छोटे हॉटेल, कर्ज, भाडे आणि सांभाळलेला भाचा यांच्या ओढाताणीत अडकलेला त्याचा मालक. त्या भाच्याची मैत्री ऐकू न येणाऱ्या एका मुलाशी होते आणि त्याच्यासाठी तो खुणांची भाषा शिकतो. आठ भागांत हॉटेलच्या गल्ल्याची चिंता आणि प्रेम दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

डोळे उघडे ठेवून पाहा

चांगले सांगितले, तसे वाईटही सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट, सगळ्या मालिका सगळ्या वयांसाठी नाहीत. काहींत उघड शरीरसंबंध आणि गुंडांची मारामारी असते आणि त्या अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीच असतात. सुरुवातीच्या काही मालिकांत जबरदस्तीने केलेले चुंबनही प्रेम म्हणून दाखवले आहे. ‘नाही’ म्हणजे ‘नाही’, समोर मुलगी असो की मुलगा, हे घरात स्पष्ट बोलावे.

दुसरी गोष्ट, पडद्यावरचे नायक बहुतेक गोरे, उंच, पैसेवाले. उन्हात काम करून सावळा झालेला इसानचा मजूर नायक म्हणून क्वचितच दिसतो. पुरुषाच्या देहात जन्मलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींना वर्षानुवर्षे विनोदी कामेच मिळाली. दोन मुलींच्या प्रेमाच्या मालिका तर २०२२ मध्ये ‘गॅप’ आल्यानंतरच जोरात निघू लागल्या.

तिसरी गोष्ट धंद्याची. भागाच्या मध्येच नायक एकमेकांना नूडल्स भरवतात, क्रीम लावतात, ती जाहिरात असते. कंपन्या दोन नटांची जोडी ठरवतात आणि त्यांना मालिकेबाहेरही जोडीने फिरवतात. चाहते ते खरे मानतात आणि नटाचे कुणा मुलीबरोबर नाव आले की तिला शिव्या देतात. नट हा कामगार आहे, काम संपल्यावर त्याचे आयुष्य त्याचे, हे मुलांना सांगावे. चाहत्यांच्या मेळाव्याची तिकिटे, फोटो, पुस्तके यांवर शिकवणीच्या फीचे पैसे जाऊ देऊ नयेत.

चाहते नेहमी मूर्खच असतात असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये ‘टूगेदर’च्या नायकाने हाँगकाँगला देश म्हणणारी एक नोंद पसंत केली म्हणून चीनमधले लोक त्याच्यावर तुटून पडले. थायलंडच्या तरुणांनी त्यांना हसत हसत उत्तरे दिली, हाँगकाँग आणि तैवानचे तरुण त्यांना मिळाले, आणि तिन्हीकडे दूध घातलेला चहा पितात म्हणून या दोस्तीचे नाव ‘मिल्क टी अलायन्स’ पडले. पुढे लोकशाहीच्या आंदोलनांत हेच नाव झळकले.

पडद्यावरून कायद्यापर्यंत

आशियात सर्वप्रथम तैवानने २४ मे २०१९ पासून समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली. थायलंडच्या लोकसभेने मार्च २०२४ मध्ये आणि वरिष्ठ सभागृहाने १८ जून २०२४ रोजी, १३० विरुद्ध ४ मतांनी, तसा कायदा मंजूर केला. २३ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला आणि पहिल्याच दिवशी शेकडो जोडप्यांनी नोंदणी केली. वारसा, मूल दत्तक घेणे, आजारी जोडीदाराच्या शस्त्रक्रियेला संमती देणे, हे हक्क त्यामुळे मिळाले. हा कायदा मालिकांनी आणला असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यामागे कार्यकर्त्यांची अनेक वर्षांची लढाई आहे. परंतु दहा वर्षे घरोघरी लोक अशा जोडप्याच्या सुखाची वाट पाहत बसले, त्याचा मनावर काहीच परिणाम झाला नसेल असेही म्हणता येत नाही.

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल दिला. संविधानिक नीतिमत्ता हा त्या निकालाचा मोठा आधार होता. ही कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत समजावून सांगितली होती. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. तो प्रश्न न्यायालयाने संसदेकडे सोपवला.

आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण माणसाने मनातला प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही, ही बाजू नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या कोर्टात मांडली गेली, हे आपल्या घरांनी लक्षात ठेवावे.

घरात काय करावे?

मुलगी किंवा मुलगा अशी मालिका पाहत असेल तर त्याचा एकच अर्थ काढू नये. बहुतेकांना गोष्ट आवडते म्हणून ते पाहतात. पण एखाद्या घरात एखादा मुलगा असा असेलही, ज्याला पडद्यावर पहिल्यांदाच आपल्यासारखा कुणी दिसला. त्याने अजून कुणाला सांगितलेले नाही. मालिका पाहताना बाप काय बोलतो, आई तोंड वाकडे करते की नाही, काका कोणती शिवी देतो, हे तो कोपऱ्यातून ऐकत असतो. आपल्याला सांगायचे की नाही, हे तो त्या बोलण्यावरून ठरवतो.

म्हणून मोबाईल हिसकावून घेऊ नये. एक दिवस शेजारी बसावे आणि म्हणावे, "ही कसली गोष्ट आहे, मलाही सांग. खाली काय लिहिलंय ते वाचून दाखव." इंग्रजी वाचून मराठीत सांगताना मुलांचा अभ्यासही होतो, ही वरची कमाई. हसण्यासारखे असेल तिथे हसावे, पटले नाही तर पटले नाही म्हणावे. पण टर उडवू नये.

कॉर्न आणि इन यांच्या घरच्यांना मुलांचे ऐकून घ्यायची संधी होती, ती त्यांनी घालवली. पुढे तीस वर्षे त्या घरांत कुणाला सुखाची झोप लागली नाही. मालिकेत दुसरा जन्म मिळाला म्हणून शेवट गोड झाला. आपल्या मुलांशी बोलायला आपल्याकडे हाच जन्म आहे, आणि पुढचा भाग याच आठवड्यात लागणार आहे.